थरचे बिऱ्हाडकरू

रविवार, जोधपूर

मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, ७० हेक्टरांचं. वर किल्ल्याच्या तिकीटखिडकीशी रांग लागते आणि इथे सकाळी सातला आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. नवऱ्याला खरं तर आधी किल्ला हवा होता. पण भाची पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकते आणि सहलीचा आराखडा तिचा. "काका, किल्ला साडेपाचशे वर्षं उभा आहे, दुपारपर्यंत कुठे पळून जाणारे? ऊन चढलं की झाडं बघायचा तुम्हालाच कंटाळा येईल." मार्चचा पहिला आठवडा. सकाळी शाल, दहाला टोपी, बाराला सावलीची शोधाशोध, असा इथला दिनक्रम.

पायाखाली लालसर तपकिरी र्‍हायोलाइट, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या मलाणी ज्वालामुखींचा. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर साडेसहा कोटींचा, म्हणजे ह्याच्यापुढे लेकरूच. या खडकावर २००६ साली काम सुरू झालं तेव्हा सगळीकडे एकच झाड माजलेलं होतं: विलायती बाभूळ. आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात, इथे बावळिया. मूळची अमेरिकेची. १९३० च्या दशकात महाराजा उमेदसिंहांनी तिचं बी विमानातून टाकलं, असं जोधपुरात सगळेच सांगतात. वरून तोडली तर खालून दुप्पट फुटते. हे पार्क उभं करणारे प्रदीप क्रिशन आणि त्यांच्या माणसांनी मग खंडवालियांना गाठलं. हे पिढीजात खाणकामगार. हातोडीने खडक वाजवून आतला पोकळपणा आवाजावरून सांगणारे. त्यांनी छिन्नीने एकेक मूळ खोदून काढलं आणि त्याच खड्ड्यांत इथली झाडं लावली गेली. गाईडने आम्हाला खडकावर दगड आपटून दाखवला. दोन जागी दोन आवाज. मला फरक कळला, नवऱ्याला नाही. त्याचं म्हणणं दोन्ही दगडाचेच आवाज होते.

फाटकाजवळ एक खेजडी होती, हिवाळ्यात छाटलेली, नुकती पालवी फुटत असलेली. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो ती. पावसाच्या आधी, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ती हिरवी होते, कारण तिची मुळं वीस-तीस मीटर खाली जाऊन पाणी पितात. वर पाऊस पडला काय नि न पडला काय. शाळेत आम्हाला खेजडी आणि वेडी बाभूळ सख्ख्या बहिणी म्हणून शिकवलं होतं, दोघींचं प्रजातीनाव 'प्रोसोपिस'. भाचीने तिथल्या तिथे ते मोडीत काढलं. २०२२ साली या प्रजातीचे चार तुकडे झाले. जनुकं तपासल्यावर दिसलं की अमेरिकेतल्या बाभळींची शाखा वेगळी आहे आणि खेजडीची वेगळी. वेडी बाभूळ आता 'नेल्टुमा'. नाव खेजडीकडे राहिलं. दोघींच्या शेंगा, काटे, खोल मुळं इतकी सारखी की शंभर वर्षांहून जास्त काळ जाणकारही एका घरात धरत होते.

पुढे खडकाच्या कपारीत थोर. इथे त्याला थोरच म्हणतात, आपल्यासारखं. पुरुषभर उंच झुडूप, पानं गळून गेलेली, हिरव्या जाड फांद्या आणि टोकांना बारीक लालसर फुलं. परदेशी पाहुणे त्याला कॅक्टस समजून फोटो काढतात, गाईड म्हणाला. भाचीने मला वाकायला लावलं. "मावशी, काटे बघ. जोडीजोडीने आहेत ना? कॅक्टसचे काटे एका लोकरी उशीतून झुबक्याने निघतात. आणि हे बघ." तिने खाली पडलेली काडी नखाने टोचली. टपकन पांढरा चीक. कॅक्टसला, म्हणजे आपल्या फड्या निवडुंगालासुद्धा, असा चीक नसतो. थोर हा युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. कॅक्टसचं कुळ अमेरिकेतलं. दोघांच्या मध्ये अटलांटिक महासागर आणि कोट्यवधी वर्षांचं अंतर. तरी दोघांनीही पानं टाकली, खोड फुगवून पाणी साठवलं, खोडालाच हिरवं केलं आणि दिवसाचा श्वास रात्रीवर ढकलला. उन्हात त्वचेवरची छिद्रं उघडली तर पाणी उडून जातं, म्हणून ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात कोंडून ठेवतात आणि दिवसा छिद्रं मिटून त्यावर स्वयंपाक उरकतात.

कॅक्टस साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास उगवले असं मानतात, पण त्यांची खरी भरभराट गेल्या एक कोटी वर्षांतली. जगभर हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरत गेला, कोरडी जमीन वाढली, आणि अमेरिकेत कॅक्टसांची, आफ्रिकेकडे मांसल युफोर्बियांची चलती झाली.

मला भाचीला विचारायचं होतं ते इथेच. थरचं वाळवंट किती जुनं? वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं हे मोजता येतं; त्या पद्धतीने इथल्या टेकड्यांच्या तळातली वाळू दीड-दोन लाख वर्षांपर्यंत मागे जाते. मधल्या काळात कितीदा तरी ओल आली नि गेली. बिकानेरकडचं लूणकरणसरचं तळं सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीपर्यंत भरलेलं असायचं. तिकडे सहारात, चाड देशात, ७० लाख वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचे पुरावे मिळालेत. म्हणजे थोराची ही सगळी हत्यारं थरपेक्षा फार जुनी. इथे येऊन ती घडलेली नाहीत. "बिऱ्हाडकरू आहेत सगळे," भाची म्हणाली, "घर नवीन, भांडीकुंडी आजीच्या काळातली." हा शब्द मग आठवडाभर आमच्या तोंडी बसला.

दुपारी किल्ला पाहिला. चांगला आहे.

सोमवार, रस्त्यावर

जोधपूर ते जैसलमेर, फलोदीमार्गे. खीचनला उतरलो, पण कुरजा क्रौंच बहुतेक निघून गेलेले. तळ्याकाठी उरलेले थोडे उडायच्या बेतात वाटले. फलोदी म्हणजे १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदवलेलं गाव, देशातला विक्रम. आम्हाला चौतीस अंशांतच पुरे झालं.

रस्त्याकडेला रोहिडा फुललेला. पिवळी, नारिंगी, शेंदरी, तिन्ही रंगांची झाडं एका शेतात. हे थोडं एकटं झाड आहे: त्याच्या प्रजातीत दुसरी जातच नाही. इराण-अरबस्तानापासून इथपर्यंत हाच एक.

जेवायला ढाब्यावर केर-सांगरी मागवली. सांगरी ही खेजडीची शेंग, केर ही काटेरी, पानंच नसल्यासारख्या झुडपाची हिरवी बोरंएवढी फळं. वाळवून, भिजवून, मोहरीच्या तेलात. माझी जीभ थोडी चरचरली तशी भाचीने काटा खाली ठेवला. केर, मोहरी, आणि इथला पिलू, म्हणजे ज्याच्या नात्यातल्या झाडाची मिसवाक दातवणं करतात तो, हे तिन्ही वनस्पतींच्या एकाच गणातले. मोहरीचा झणका ज्या गंधकयुक्त रसायनातून येतो ते या सगळ्या गोतावळ्यात सापडतं. चावणाऱ्या किड्यांविरुद्ध जमवलेला तो दारूगोळा. एकाने थंड प्रदेशात शेत धरलं, दुसऱ्याने वाळू. आणि मारवाडातल्या कुणा बाईने दोघांना एकाच कढईत आणलं. ढाब्याचे मालक "और लीजिए सा, सांगरी इस बार महंगी है" म्हणत वाढत राहिले. महाग आहे हे खरं, जैसलमेरच्या बाजारात भाव विचारला तर काजूला लाजवेल असा.

मंगळवार, अकल

जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्याला सतरा-अठरा किलोमीटरवर अकल. २१ हेक्टरांचा उघडा माळ, त्यावर इकडेतिकडे पत्र्याच्या छपराखाली लोखंडी पिंजरे, आणि पिंजऱ्यांत झाडांचे ओंडके. दगड झालेले. वय १८ कोटी वर्षं, ज्युरासिक काळाचा पूर्वार्ध. सगळ्यात लांब ओंडका सुमारे १३ मीटर. पिंजरे बघून प्रथम हसू येतं, मग कळतं की ते नसते तर एव्हाना एकेक तुकडा कुणाच्या तरी शोकेसमध्ये गेला असता.

पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून बघावं लागतं. एका ओंडक्याची साल अजून साल वाटते, आडवी चीर पडलेली. आत रेषा लाकडाच्याच, पण बोट लावलं तर गार. कडेला एक ढलपी निघालेली, तिच्यात गारगोटीची चमक. झाड पडलं, गाळात पुरलं गेलं, मग सिलिका विरघळलेलं पाणी पेशीपेशीत झिरपलं आणि लाकूड जात जाताना त्याच्या जागी दगड बसत गेला.

इथे घनदाट, दमट अरण्य होतं. सूचिपर्णी जातीची, बिनफुलांची झाडं. फुलझाडांचं युग अजून यायचं होतं, त्यामुळे खेजडी, केर, रोहिडा, थोर यांतल्या कुणाचाही पूर्वज या पिंजऱ्यांत शोधू नये. भारत तेव्हा गोंडवन या जुन्या महाखंडाचा तुकडा, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आफ्रिकेला चिकटलेला. पुढे हा सगळा पट्टा उथळ समुद्राखाली गेला. जैसलमेरचा पिवळा दगड त्याच समुद्राचा चुनखडक, ज्युरासिकच्या मधल्या काळातला. हवेलीच्या भिंतीकडे जवळून पाहिलं तर शिंपल्यांचे काप दिसतात. नवऱ्याला एका हॉटेलच्या जिन्यावर अख्खा सापडला आणि त्याने त्याचा फोटो किल्ल्याच्या फोटोंपेक्षा जास्त लोकांना पाठवला. याच भागातून, याच सुमाराच्या, १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांतून लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडं मिळाली. आयआयटी रुरकी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी २०२३ साली त्याचं नाव ठेवलं 'थारोसॉरस इंडिकस'. नावात थर, आणि त्या प्राण्याने वाळवंट कधी बघितलंही नसेल.

संध्याकाळी बाजारात हाबूरच्या दगडाचे पेले, वाट्या. तपकिरी-सोनेरी, आत गोल गोल नक्षी, ती सगळी समुद्री जीवांची. दुकानदार म्हणतो, यात दूध ठेवलं की विरजण न घालता दही लागतं. "रात को डालो, सुबह जम जाएगा, बाईसा, गारंटी." भाचीचं म्हणणं, मार्चमधल्या जैसलमेरमध्ये दूध कशातही ठेवलं तरी सकाळी काहीतरी होणारच. वाटी घेतली. दह्यासाठी नव्हे, कडेला दिसणाऱ्या अर्ध्या शिंपल्यासाठी.

बुधवार, सुदासरी

पहाटे निघालो. डेझर्ट नॅशनल पार्क तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे, पण त्यात गावं, शेतं, शेळ्या-मेंढ्या सगळं चालू असतं. माळढोकासाठी काही जागा कुंपण घालून राखल्यात, सुदासरी त्यांतली एक. वाळवंट म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं इथे काहीच नाही. गवत. क्षितिजापर्यंत सेवण गवताचे ठोंब, गुडघ्याएवढे, वाळून पिवळे झालेले, बुडाशी मात्र हिरवी धुगधुगी.

सेवणाने जे केलंय ते मला थोरापेक्षाही हुशारीचं वाटलं. सगळ्या झाडांत कार्बन डायऑक्साइड पकडणारं एक विकर असतं. ऊन वाढलं की ते चुकून ऑक्सिजनच पकडत बसतं आणि मेहनत फुकट जाते. सेवण, बाजरी, ज्वारी, ऊस यांनी आधी वायू एका पेशीत पकडून, दाटवून, मग आतल्या पेशीतल्या त्या विकराच्या पुढ्यात आणून ठेवायची सोय केली. छिद्रं कमी उघडी ठेवून भागतं, पाणी वाचतं. ही युक्ती वनस्पतींत साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवली आहे. शिवालिकच्या टेकड्यांतल्या जुन्या मातीत तिचा जमाखर्च सापडतो: ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण एकदम पालटतं, कारण जंगलं मागे हटून अशा गवतांनी उपखंडाचा उत्तर भाग व्यापला. भाकरी खाताना हे आठवावं असं काही नाही, पण मला आठवलं.

गवत आलं म्हणून गवतातले प्राणी आले. चिंकारांचा छोटा कळप पन्नास पावलांवर उभा राहिला, शेपट्या सारख्या हलत. आपण त्यांना हरणं म्हणतो, पण ही गॅझेल, कुरंगांतली. यांचे भाऊबंद पश्चिमेकडे अरबस्तान ओलांडून मोरोक्कोपर्यंत पसरलेत आणि आपण उभे होतो ते त्या लांबलचक कोरड्या पट्ट्याचं पूर्वेकडचं टोक. चिंकारा पाण्याशिवाय बराच काळ काढतो, पाल्यातल्या ओलीवर. काळवीट त्या मानाने पाण्याला धरून राहणारं.

मग गाईडने हात वर केला आणि गाडी थांबली. माळढोक. दूरवर दोन. मी नान्नजला, आपल्या सोलापूरजवळच्या अभयारण्यात, कॉलेजात असताना एकदा पाहिला होता. आता महाराष्ट्रात तो दिसणं जवळजवळ संपलंय. इथे त्याला गोडावण म्हणतात. मीटरभर उंच, नर पंधरा किलोंपर्यंत, जगातल्या सगळ्यांत जड उडणाऱ्या पक्ष्यांत गणला जाणारा. दुर्बिणीतून पाय बघितले: तीन बोटं, सगळी पुढे. मागचं बोटच नाही, म्हणजे फांदी पकडायची सोय नाही. झाडावर बसणं त्यांनी फार पूर्वीच सोडून दिलं. माळढोकाच्या कुळातल्या बहुतेक जाती आफ्रिकेत आहेत. आपल्या माळढोकाचे जवळचे नातेवाईक एक आफ्रिकेतला कोरी, एक अरबी, आणि एक थेट ऑस्ट्रेलियात. हाही बिऱ्हाडकरूच, पण त्याच्या घराण्याची बिऱ्हाडं तीन खंडांत पसरलेली. जंगलात आता दीडशेच्या आत उरलेत. बहुधा एकच अंडं घालणारा, सावकाश वाढणारा पक्षी. कमी शत्रूंच्या मोकळ्या माळावर हा हिशेब लाखो वर्षं जमून गेला.

परतताना बिळाच्या तोंडाशी सांडा. मोठ्या पालीसारखा, मातकट, शेपटीवर काट्यांची वलयं एकाखाली एक. मी गुडघ्यावर बसले तरी हलला नाही. गवताचं पातं तोंडात, कडेने चावत होता, गायीसारखं निवांत. सरड्यांमध्ये असे पक्के शाकाहारी थोडे. रात्री आणि कडक उन्हात हा बिळाचं तोंड आतून मातीने बंद करतो. आतली हवा दमट राहते. याची कथा उलट दिशेची आहे: जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांच्या मते या घराण्याचं मूळ आशियात, आणि आफ्रिका-अरबस्तान आशियाला जोडले गेल्यावर, सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, यांचे भाऊ तिकडे गेले. तेव्हा सगळेच पश्चिमेकडून आले असं म्हणायला जागा नाही. सांड्याचं तेल विकणारे अजून जत्रांत दिसतात. कायद्याने बंदी आहे आणि त्या तेलाने काहीही होत नाही.

गुरुवार, वाळू

समच्या टेकड्यांवर संध्याकाळी जीप, डीजे, कालबेलिया नाच, सगळं एकावर एक. आम्ही त्या गर्दीला वळसा घालून, तिथल्या एका ऊंटवाल्या काकांसोबत सकाळी सहालाच दूरच्या टेकड्यांवर गेलो. काका रायका समाजाचे, त्यांचे आजोबा-पणजोबा सगळे ऊंटांमागे. वाळूवर रात्रभराचं वर्तमानपत्र छापलेलं होतं. खोकडाची सरळ पावलं, उंदरांची टिंबं. आणि एका उतारावर तिरप्या, एकमेकींना समांतर आखडत्या रेघा, प्रत्येकीच्या टोकाला आकड्यासारखं वळण.

"बांडी," काका म्हणाले, आणि काठीने मागे राहायची खूण केली. म्हणजे फुरसं. कोकणातल्या प्रत्येक घरात ज्याची धास्ती तेच, पण इथलं अंगाने मोठं. सैल वाळूत पोटावर सरपटलं तर घसरायला होतं, म्हणून अंगाचा एक भाग उचलून बाजूला टाकत ते तिरपं चालतं. नामिबच्या वाळूतला एक विषारी साप, सहारातला शिंगवाला साप आणि अमेरिकेतला एक खुळखुळ्या साप अगदी असेच चालतात, आणि कुणी कुणाकडून शिकलेलं नाही. रत्नागिरीच्या जांभ्यावर या चालीचा उपयोग थोडा. फुरसं दोन्ही जागी आहे.

भाचीला हवा होता तो मात्र सरडा. बोटाएवढा, चपटा, डोकं बेडकासारखं रुंद, अंगावर वाळूचेच ठिपके. लोंगेवालाजवळ सापडला म्हणून 'लाउंगवालेन्सिस'. १९७१ च्या लढाईने ते नाव आपल्याला ठाऊक, या सरड्याने प्राणिशास्त्रात नेलं. दोन तास काही नाही. मग काकांनीच काठीचं टोक टेकवलं, "ये रहा". मला वाळूच दिसत होती. टोक जरा पुढे सरकलं आणि वाळूचा एक तुकडा थरथरला: अंग डावीकडे-उजवीकडे इतकं वेगाने हललं की तो सरडा जागच्या जागी खाली बसला, कडेची वाळू पाठीवर ओघळली, आणि दोन सेकंदांत फक्त डोळे वर. पापण्यांना झालरीसारखे खवले. कानाचं भोक बाहेरून दिसत नाही, वाळू जायला वाटच नको.

हा सरडा पहिल्यांदा मध्य आशियातल्या बेडूकतोंड्या सरड्यांत घातला गेला होता, कारण दिसतो हुबेहूब तसा. नंतर कवटी-हाडं नीट तपासल्यावर कळलं की तो वेगळ्याच फांदीवरचा, इकडच्या साध्या सरड्यांचा जवळचा. १९९२ साली त्याला स्वतंत्र प्रजाती मिळाली, 'बुफोनिसेप्स', आणि त्यात हा एकटाच. थर आणि लगतचा सिंध सोडून जगात कुठेही नाही. आठवड्यात पाहिलेल्या सगळ्यांत, इथे घडला असं म्हणण्याजोगा मला हा एकच दिसला. आता दीड-दोन लाख वर्षांच्या वाळवंटात अशी स्वतंत्र प्रजाती घडायला वेळ कुठला, हा प्रश्न उरतोच. थरच्या आधी सिंधूच्या खोऱ्यात, नदीकाठी, समुद्रकिनारी वाळू होतीच. तिथे त्याचे पूर्वज वाळूला सरावले असतील, असं भाचीचं मत. मला ते पटलं.

तेवढ्यात ऊंट बसला होता आणि फोग खात होता. फोग म्हणजे पानंच नाहीत असं वाटणारं, हिरव्या काड्यांचं झुडूप, मध्य आशियातल्या वाळवंटांत ज्याचे कितीतरी भाऊबंद आहेत असं. सेवणाचीच कार्बन दाटवण्याची युक्ती याच्या काड्यांतही आहे. मार्चमध्ये बारीक गुलाबी कळ्या येतात, त्यांचं दह्यातलं रायतं करतात. ऊंटाचा वरचा ओठ मधोमध फाटलेला, दोन बोटांसारखा काम करतो. पापण्यांच्या केसांच्या दोन ओळी. नाकपुड्या चिरेसारख्या, वारा आला की मिटतात. श्वास सोडताना आतल्या गार, वळणदार नळ्यांत बरीचशी वाफ परत जिरते. अंगाचं तापमान पहाटे ३४ अंश आणि दुपारी ४० च्या वर जाऊ देतो, म्हणजे घाम गाळायची वेळच उशिरा येते. रक्तातल्या तांबड्या पेशी लंबगोल, त्यामुळे रक्त दाट झालं तरी वाहतं आणि एकदम शंभर लिटर पाणी प्यायला तरी त्या फुटत नाहीत.

काकांनी ऊंटाची गोष्ट सांगितली. पार्वतीने मातीचा एक विचित्र प्राणी केला आणि शंकराला जीव घालायला लावला. पण तो आवरेना, म्हणून शंकराने त्याला सांभाळायला एक माणूस घडवला. तो पहिला रायका. नवरा म्हणाला, "आता तू सांग तुझी." भाचीने हिंदीतून सांगितली. ऊंटाचं कुळ उत्तर अमेरिकेतलं. साडेचार कोटी वर्षांपूर्वी सशाएवढं जनावर. तिथेच चार कोटी वर्षं वाढलं, फुटलं, मोठं झालं. ६०-७० लाख वर्षांपूर्वी काही जण बेरिंगच्या, म्हणजे तेव्हा अलास्का आणि सायबेरिया जोडणाऱ्या, भूमीवरून आशियात आले. काही नंतर दक्षिणेला गेले, ते लामा झाले. मूळ घरी मात्र शेवटचा ऊंट सुमारे बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी संपला. आणि २०१३ साली कॅनडात, उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समिअर बेटावर, ३५ लाख वर्षांपूर्वीच्या ऊंटाच्या पायाचे तुकडे जाहीर झाले, आजच्या ऊंटापेक्षा तीसेक टक्के मोठ्या जनावराचे. तिथे तेव्हा जंगल होतं आणि सहा महिने काळोख, बर्फ. मदारीतली चरबी, रुंद पसरट पाय, मोठे डोळे हे सगळं आधी त्या हिवाळ्यासाठी जमलं असावं, असा संशोधकांचा तर्क आहे.

काका बराच वेळ ऊंटाच्या पायाकडे बघत होते. मग म्हणाले, "बर्फ में भी यही पैर चाहिए. रेत और बर्फ एक ही चीज है, नीचे धंसती है." आणि भाचीला विचारलं, अमेरिकेत मग आता रायका काय करतात? तिला उत्तर देता आलं नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात अडीच लाख ऊंट होते, सात वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त घटलेले. काकांची मुलं जीप चालवतात.

शुक्रवार, परतीची वाट

पोखरणला चमचम घेतले, नेहमीसारखे जास्त.

जैसलमेर ते पोखरण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. येताना आम्ही झाडं बघत होतो म्हणून तारा दिसल्या नव्हत्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. गवतात वाकून चरताना मागून-बाजूने येणारा शत्रू दिसावा अशी मांडणी. त्याच्या आफ्रिकी भावाच्या, कोरीच्या, नजरेचं मोजमाप झालंय: समोर दोन्ही डोळ्यांचं मिळून दिसणं चिंचोळं, आणि उडताना खालची जमीन बघायला मान जरा झुकवली की नेमकं पुढचंच दिसेनासं होतं. उघड्या माळावर हवेत आडवं काहीच नसायचं, त्यामुळे कधी अडलं नाही. जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही, तार दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सौर आणि पवन वीज हवी, हे मलाही मान्य. पण पट्टा कोणता सोडायचा हे ठरवायला तीन वर्षं लागावीत हे पटत नाही. काही तारांवर पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून फिरत्या चकत्या लावल्यात. नवऱ्याने मोजायला सुरुवात केली आणि काही मैलांनी चकत्याच संपल्या.

सम आणि रामदेवरा इथे भारतीय वन्यजीव संस्था आणि राजस्थानचा वनविभाग मिळून माळढोकाची पैदास करतात. रामदेवऱ्याचं केंद्र आमच्या वाटेवरच होतं, पण आत जाऊ देत नाहीत, आणि तेच बरं. जंगलातून उचललेलं अंडं यंत्रात उबवून पहिलं पिल्लू २०१९ च्या जूनमध्ये बाहेर आलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं. आता तिथल्या पक्ष्यांची पुढची पिढी माणसांच्या हातून वाढतेय, आणि तिला बाहेर सोडायचं तर कुठल्या माळावर, हा वाद अभ्यासकांत चालू आहे. भाचीला पुढच्या वर्षी प्रकल्पासाठी सेवण गवताच्या कुरणांवर काम करायचंय. जोधपूरच्या काझरीत, म्हणजे केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेत, तिने कुणाला तरी मेल टाकली आहे. ट्रेन रात्री होती, आणि स्टेशनवर जाईपर्यंत ती फोनवर उत्तर आलं का ते बघत होती.